कंबरदुखी, ट्रॅमाडॉल आणि लॅमिनेट केलेली चिठ्ठी : एका माथाडी काकांची केस

पार्श्वभूमी

केस माझ्याच दवाखान्यातली, भांडुपची. काकांची आणि मावशींची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, औषधं आणि डोस मात्र होते तसेच ठेवलेत कारण सगळी गोष्ट त्यांच्यावरच फिरते.

काका पन्नाशी ओलांडलेले, मूळचे सातारा जिल्ह्यातले, मस्जिद बंदरला माथाडी. वीसेक वर्षं टोळीत गोण्या वाहिल्या. डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. चार वर्षांपूर्वी ट्रक खाली करताना पाय घसरला आणि कंबर धरली ती धरलीच. एमआरआय झाला, त्यात एल4-एल5 ला (कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमध्ये) डिस्क थोडी बाहेर आलेली, पण हे काम करणाऱ्या या वयाच्या माणसाच्या एमआरआयमध्ये ती दिसली नसती तरच नवल. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी ऑपरेशनची गरज नाही म्हणून सांगितलं (बरोबरच होतं ते) आणि ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची कॉम्बिनेशन गोळी लिहून दिली, 37.5 अधिक 325 वाली, दिवसातून दोन वेळा, पाच दिवस.

ती पाच दिवसांची चिठ्ठी काकांनी लॅमिनेट करून घेतली. खरंच. माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा रेशनकार्डासारखी कडक होती, कोपऱ्यात हळदीचा डाग आणि मागच्या बाजूला मेडिकलवाल्याचा फोन नंबर स्केचपेनने लिहिलेला. चार वर्षं त्याच चिठ्ठीवर गोळ्या मिळत होत्या.

दरम्यान दोन गोळ्यांच्या चार झाल्या. मग स्टेशनजवळच्या एका डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल एसआर 100 (एसआर म्हणजे पोटात हळूहळू सुटणारी) सकाळ-संध्याकाळ चालू केली, त्यांना आधीच्या गोळ्यांचं माहीत नव्हतं. बंदराजवळच्या एका दवाखान्यात पगार झाला की एक इंजेक्शन. झोप लागत नाही म्हणून आणखी एका डॉक्टरांनी अल्प्राझोलाम 0.5 रात्री. म्हणजे चार डॉक्टर आणि चौघांनाही बाकीच्या तिघांचा पत्ता नाही. यात कोणी एक जण फार वाईट वागला असं मला वाटत नाही, संध्याकाळच्या ओपीडीत पन्नास पेशंट बाहेर बसलेले असताना कंबर दुखतेय म्हणणाऱ्या माणसाला गोळी देऊन मोकळं होणं हे सगळ्यात कमी वेळाचं काम असतं.

प्रॉब्लेम काय होता

काका माझ्याकडे कंबरेसाठी आलेच नाहीत. मावशी त्यांना घेऊन आल्या ते जुलाब आणि सर्दी म्हणून. "कालपासून ह्यांचं नाक वाहतंय, पोटात कळा, रात्रभर पाय झाडत होते, व्हायरल हाय का बघा मॅडम." ताप नव्हता. काका खुर्चीत नीट बसेनात, सारखी जांभई, घाम, आणि हातावर काटा आलेला, मे महिन्यात, पंखा बंद असताना. टॉर्च मारली तर बाहुल्या मोठ्या.

नाक वाहणं, जांभया, काटा, जुलाब, पायात अस्वस्थपणा हे सगळं एकत्र दिसलं की एक प्रश्न विचारायचाच असतो, कुठली गोळी बंद झालीय का? झाली होती. नेहमीचं मेडिकल मालकाच्या पुतण्याने चालवायला घेतलं होतं आणि त्याने त्या लॅमिनेटवर गोळ्या द्यायला साफ नकार दिला. पोराचं काही चुकलं नाही. ट्रॅमाडॉल शेड्यूल एच1 मध्ये आहे, म्हणजे विकताना वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या हे लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. शिवाय एप्रिल 2018 पासून ती एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलीय. तो नियमानेच वागला, पण त्याच्या नियमाने वागण्याचा परिणाम म्हणून काकांची चार वर्षांची गोळी एका दिवसात शून्यावर आली.

मावशींना घरी पाठवून सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणायला सांगितल्या. अमेरिकेत डॉक्टरला कॉम्प्युटरवर दिसतं की या पेशंटने गेल्या काही महिन्यांत कुठून काय घेतलं, आपल्याकडे तसलं काही नाही, आपल्याकडे ही पिशवीच. रिकाम्या स्ट्रिप्स टेबलावर मांडून हिशेब केला, एसआरचे 200 आणि कॉम्बिनेशनच्या चार गोळ्यांचे 150, म्हणजे दिवसाला 350 मिलिग्रॅम. ट्रॅमाडॉलची कमाल मर्यादा 400. मॉर्फिनच्या भाषेत बदलायचं तर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या 2022 च्या गाइडलाइनप्रमाणे 0.2 ने गुणायचं, म्हणजे रोजची 70 मिलिग्रॅम मॉर्फिन घेतल्यासारखं, आणि 50 च्या वर जाताना थांबून विचार करा असं तीच गाइडलाइन सांगते. वर रात्रीची अल्प्राझोलाम. आणि विचारल्यावर, मावशी पाणी आणायला उठल्या तेव्हा हळूच, शनिवारची क्वार्टर.

ट्रॅमाडॉल म्हणजे हलकी, सौम्य, खरं तर पेनकिलरच असा समज डॉक्टरांमध्येही खूप आहे. ती एकाच वेळी दोन कामं करते. लिव्हरमधल्या एका एन्झाइमने तिचं रूपांतर होऊन ओपिऑइडचा, म्हणजे अफू-मॉर्फिनच्या जातीच्या औषधाचा असर येतो, आणि त्याशिवाय ती डिप्रेशनच्या काही गोळ्यांसारखी मेंदूतल्या सेरोटोनिन-नॉरअ‍ॅड्रेनालिनवरही काम करते. म्हणून ती अचानक थांबवली की नेहमीच्या विड्रॉअलबरोबर (सवयीचं औषध तुटल्यावर होणारा त्रास) घबराट, मुंग्या, विचित्र भास असलंही काही होऊ शकतं. डोस वाढला की फिट येण्याचा धोका असतो. शुगर खाली जाऊ शकते, आणि काका तर ग्लिमेपिराइडवर होते. पहाटे घामाने भिजून उठायचे, दोनदा घरच्या मशीनवर शुगर साठच्या खाली आली होती आणि सगळ्यांनी ते "रात्री नीट जेवले नाहीत" यावर ढकललं होतं.

काय काय पर्याय होते

एक, आहे तसं लिहून द्यायचं. काका खूश, मावशी खूश, मी दहा मिनिटांत मोकळी. पण मग मी पाचवी डॉक्टर.

दोन, पूर्ण बंद. "ही नशेची गोळी आहे, मी लिहीत नाही." असं बोलणारे खूप आहेत आणि बोलल्यावर आपण काहीतरी जबाबदारीचं केलं असंही वाटतं. पण वर्षानुवर्षं घेत असलेल्या माणसाचा ओपिऑइड एकदम तोडला तर तो तडफडतो, दुखणं उसळतं, तो दुसरीकडून मिळेल ते घेतो, आणि आत्महत्येपर्यंत गेलेली उदाहरणंही आहेत. अमेरिकेच्या एफडीएने 2019 मध्ये याच्यावर खास इशारा काढला होता. म्हणजे लिहिणं जसं धोक्याचं तसं न लिहिणंही.

तीन, दुसऱ्या ओपिऑइडवर नेणं. टॅपेंटाडॉल, किंवा आठवड्याला बदलायचा ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच. पॅचचा मी खरंच विचार केला होता, पण रोज घामाने निथळणाऱ्या माणसाच्या अंगावर तो टिकणार किती आणि महिन्याचा खर्च बघता काका तो दुसऱ्या महिन्यात सोडतील अशी मला भीती होती. टॅपेंटाडॉल नको होती. एका गोळीचा गुंता सोडवायला तसलीच दुसरी गोळी कशाला.

चार, व्यसनमुक्ती केंद्र. मुंबईत मोठ्या सरकारी-महापालिका हॉस्पिटलांच्या मानसोपचार विभागात ही सोय आहे, 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. प्रश्न असा की काकांना व्यसन होतं का? गोळी थांबल्यावर शरीराने बोंब मारणं म्हणजे व्यसन नव्हे, ते कोणाच्याही शरीराचं होईल. व्यसन बघताना मी विचारते की दुखत नसतानाही घ्यावीशी वाटते का, त्यासाठी खोटं बोललात का, पैसे उसने काढले का, घर-काम सुटलं का. काकांच्या बाबतीत यातलं बहुतेक नाही, पण "टेन्शन आलं की एक जास्त घेतो" हे होतं. म्हणजे कुंपणावर. मी दार उघडं ठेवलं, पण पहिल्या दिवशी तिकडे पाठवलं नाही. व्यसनमुक्ती हा शब्द ऐकून ते परत आलेच नसते.

पाच, डोस एका हातात आणायचा, स्थिर करायचा आणि मग हळूहळू उतरवायचा. हेच करायचं ठरलं.

काय केलं

त्या दिवशी आधी गोळी दिली. यावर माझ्या एका मैत्रिणीशी (तीही डॉक्टर) वाद झाला, तिचं म्हणणं, दीड दिवस निघालाच होता, अजून चार-पाच दिवस सोसले असते तर सुटले असते ना. शरीरातून सुटली असती, हो. पण कंबर तशीच, झोप तशीच, बंदराजवळचा दवाखाना तिथेच, आणि घरात अल्प्राझोलामची अख्खी स्ट्रिप. सोसून सुटलेला माणूस पुन्हा आधीच्याच डोसवर उडी मारतो तेव्हा सवय उतरलेली असते आणि धोका तिथे जास्त.

मग दुखण्याकडे वळलो. चार वर्षांत कोणी कंबरेला हात लावून बघितलं नव्हतं, एमआरआय बघितला होता. मुंबईत कंबरदुखी म्हटलं की मणक्याचा टीबी डोक्यात ठेवावाच लागतो, वजन उतरणं, संध्याकाळचा ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. तसं काही नव्हतं, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ठीक, लघवी-संडासवर कंट्रोल ठीक, पायात ताकद ठीक. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) थोडं वाढलेलं, त्यामुळे कॉम्बिफ्लामसारख्या गोळ्या मधेमधे खायच्या त्या बंद. आणि काका ज्याला "कंबरेची कळ पायात उतरते" म्हणत होते त्यातली अर्धी आग दोन्ही तळपायांत होती, मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा धागा) टेकवलं तर अंगठ्याला कळतच नव्हतं. ती डायबेटिसची न्यूरोपथी, म्हणजे डायबेटिसने नसा खराब होणं. एका दुखण्याची गोळी दोन दुखण्यांवर चालली होती आणि दुसऱ्याला मुळात नावच दिलेलं नव्हतं.

न्यूरोपथीसाठी काय द्यायचं इथे मी बराच वेळ अडकले. ड्युलोक्सेटिन चांगली, पण ट्रॅमाडॉलबरोबर सेरोटोनिन जास्त होण्याचा धोका, वर ती ट्रॅमाडॉलचं रूपांतर करणारं एन्झाइमही अडवते, म्हणजे असर कमी आणि त्रास जास्त. अ‍ॅमिट्रिप्टिलिनचंही सेरोटोनिन आणि फिटच्या बाबतीत तेच. प्रीगाबालिन, तर ओपिऑइड आणि अल्प्राझोलामच्या जोडीला तिसरी सुस्ती आणणारी गोळी, श्वास मंदावू शकतो. शेवटी काहीच नवीन चालू केलं नाही. आधी उतरवू, मग बघू. शुगरसाठी मात्र ग्लिमेपिराइड काढून दुसरी गोळी दिली, पहाटेचा घाम गेला.

ट्रॅमाडॉल 350 वरून 300 वर स्थिर केली, एसआर 100 सकाळ-संध्याकाळ, 50 ची साधी कॅप्सूल सकाळी कामावर निघताना आणि दुपारी. कॉम्बिनेशनच्या गोळ्या बंद, पॅरासिटामॉल वेगळी, म्हणजे कशात किती आहे हे सगळ्यांना कळतं. एसआर गोळी मोडायची किंवा चावायची नाही हे दोनदा सांगितलं, कारण काका ती दाताने अर्धी करत होते. एक डॉक्टर, एक मेडिकल (तोच पुतण्या, त्याला मीच फोन केला), एका वेळी सात दिवसांच्याच गोळ्या, डबा मावशींकडे. इंजेक्शन बंद. शनिवारची क्वार्टर बंद, यावर बरीच घासाघीस झाली. हे सगळं मराठीत एका कागदावर लिहून दोघांची सही घेतली. असल्या कागदांना मी पूर्वी फार मानायचे नाही, पेशंटवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटायचं, पण इथे उलटं झालं, काकांना टोळीत कोणी इंजेक्शनचं विचारलं तर ते सांगायचे, सही केलीय.

मावशींना समजावलं की काका उठवून उठत नसतील, घोरणं नेहमीपेक्षा खोल आणि मधे थांबणारं असेल, ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न बघता 108. ओपिऑइडचा असर उतरवणारं नॅलोक्सोन आपल्याकडे मुख्यतः हॉस्पिटलात इंजेक्शन म्हणून असतं, त्यामुळे घरच्यांचे डोळे हेच काय ते.

आणि बद्धकोष्ठ. काका कधीपासून रोज रात्री चूर्ण घेत होते, त्यांना ते वयाचं वाटत होतं. ओपिऑइड चालू असेपर्यंत पोट साफ राहायचं औषध बरोबरीने चालू असायला हवं, हे पहिल्या चिठ्ठीवरच लिहिलेलं पाहिजे.

उतरवण्याबद्दल काका पहिल्यांदा घाबरले. मी वर्षभर घेणाऱ्यांसाठी महिन्याला साधारण दहा टक्के वगैरे सांगत होते, ते काही पोचत नव्हतं. मग तेच म्हणाले, "म्हणजे गोणी पाठीवरनं एकदम टाकायची न्हाई, टेकवून उतरवायची." तिथून पुढे आमची भाषा तीच. 50 मिलिग्रॅमची एक पायरी, एका पायरीवर पाच-सहा आठवडे, त्रास झाला तर तिथेच थांबायचं, वर चढायचं नाही. बरोबर फिजिओथेरपी, घरी करायचे चार व्यायाम, आणि दर भेटीला तीन प्रश्न, दुखणं किती, त्याने मौज किती हिरावली, काम किती अडलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर फारसं हललं नाही. तिसऱ्याचं हललं.

मधेच जत्रा

200 वर असताना काका गावच्या जत्रेला गेले. गोळ्या सात दिवसांच्या, मुक्काम लांबला. तालुक्याच्या एका मेडिकलमधून टॅपेंटाडॉल घेऊन आले आणि परत आल्यावर मावशींनीच स्ट्रिप माझ्या टेबलावर ठेवली, काका खाली बघत बसलेले.

कागदावर सही होती, नियम मोडला होता. बऱ्याच ठिकाणी इथे पेशंटला हात जोडतात. पण मग आठवड्याचा नियम त्यांनी मोडला की मुंबईतल्या कुठल्याही माथाड्याचं गावाशी असलेलं नातं त्या नियमात धरलंच नव्हतं? दोन्ही. किती घेतल्या ते विचारलं, उरलेल्या गोळ्या मेडिकलमध्ये परत न पाठवता माझ्याकडे ठेवून नष्ट केल्या, 200 वरच दोन महिने थांबलो, आणि पुढच्या वेळी गावाला जाताना जास्तीच्या गोळ्या आणि तारखेसह सही-शिक्क्याची चिठ्ठी द्यायची ठरलं. त्या भेटीत काकांनी पहिल्यांदा सांगितलं की टोळीतून नाव निघालं तर घर कसं चालणार याचीच रात्रभर काळजी असते. झोपेची गोळी ज्याच्यासाठी चालू होती ते हे. मानसोपचार तज्ज्ञांकडे जायला तेव्हा तयार झाले.

काय झालं

दीड वर्षाच्या आसपास लागलं. 100 च्या खाली आल्यावर आणि मधे थोडं अंतर ठेवून ड्युलोक्सेटिन कमी डोसने चालू केली, क्रिएटिनिनवर लक्ष ठेवून, तळपायाची आग बरीच कमी झाली. अल्प्राझोलाम मानसोपचार तज्ज्ञांनी शेवटी, ट्रॅमाडॉल खाली आल्यावर, फार सावकाश काढली. मुकादमाशी बोलून काकांना गोण्या मोजायचं आणि पावत्यांचं काम मिळालं, पैसे थोडे कमी. मला विचाराल तर औषधाइतकाच फरक त्या मुकादमाने पाडला.

ट्रॅमाडॉल शून्य झाली नाही. 50 ची एक कॅप्सूल, तीही रोज नाही, ड्युलोक्सेटिनबरोबर इतकीच आणि लक्ष ठेवून. शेवटच्या पायरीवर आम्ही दोनदा थांबलो आणि मग मी हट्ट सोडला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या चिठ्ठीवर पाच दिवस लिहिले होते, सहाव्या दिवशी काय हे लिहिलं नव्हतं. "दुखलं तर परत या, गोळी परत घेऊ नका" एवढं वाक्य, शक्य तर मराठीत.

मुळात कंबरदुखीला ओपिऑइडची गरज किती, हाही प्रश्न आहेच. 2018 मध्ये अमेरिकेत 240 रुग्णांवर वर्षभर ट्रायल झाली, कंबरदुखी आणि गुडघा-खुब्याची झीज असलेले, त्यात ओपिऑइडने काम करण्याची क्षमता जास्त सुधारली नाही, दुखणं उलट ओपिऑइड न घेणाऱ्या गटात किंचित कमी. गंमत म्हणजे त्या ट्रायलमध्ये ट्रॅमाडॉल ओपिऑइड नसलेल्या गटाच्या शेवटच्या पायरीवर होती, इतका तिचा सौम्यपणाचा लौकिक. नव्या कंबर आणि मानदुखीतही 2023 च्या ऑस्ट्रेलियातल्या ट्रायलमध्ये ऑक्सिकोडोन साध्या प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) सरस ठरली नाही.

हे वाचून कोणी घरातल्या कॅन्सरच्या पेशंटची मॉर्फिन कमी करू नका, हात जोडून सांगते. तिथलं गणित पूर्ण वेगळं आहे. आपल्याकडे मॉर्फिन मिळत नाही म्हणून लोक तळमळत मरतात, 2014 मध्ये एनडीपीएस कायदा बदलून ती मिळणं सोपं केलं ते त्याचसाठी. आणि काकांसारखी केस घरात असेल तर हा डोस बघून स्वतःच गोळ्या कमी करायला जाऊ नका.

आणखी एक. त्या मेडिकलवाल्या पोराने नाही म्हणताना "डॉक्टरकडे जा, एकदम बंद करू नका" असं सांगितलं असतं तर काका दीड दिवस आधी आले असते. मी त्याच्याशी नंतर बोलले. आता तो लॅमिनेट केलेली चिठ्ठी दिसली की फोटो काढून मला पाठवतो, आतापर्यंत तीन आल्यात.